नावापुढचा रिकामा रकाना

गेल्या पंधरवड्यात संशोधन करणारी एक विद्यार्थिनी आमच्या कार्यालयात आली होती. पोर्तुगीज अमदानीतील गोव्याच्या मराठी पत्रांवर ती प्रबंध लिहीत आहे. तिची तक्रार ऐकून आम्हांस प्रथम हसू आले. पण ते फार वेळ टिकले नाही. परदेशातील एका अभ्यासपत्रिकेने तिचा लेख स्वीकारला होता. संदर्भसूचीत प्रत्येक नियतकालिकापुढे त्याचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक लिहावा, अशी त्या पत्रिकेची अट होती. तिने उद्धृत केलेल्या इंग्रजी नियतकालिकांचे क्रमांक तिला विनासायास मिळाले. गोव्याच्या जुन्या मराठी पत्रांपुढचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत रिकामा राहिला. तेव्हा तिकडून पृच्छा आली, 'ही पत्रे निघत होती याला काही आधार आहे काय?'

ज्या पत्रांपायी संपादकांनी परक्या राजवटीत खटले सोसले, ती पत्रे होती की नव्हती, हे आता सिद्ध करावे लागावे! विचारणाऱ्याचा यात दोष नाही. त्याच्यासमोरील नोंदवहीत ती नावेच नाहीत. दोष असेल तर तो आपला आहे, आणि तो एकट्या कोणाचा नसून आपणा सर्वांचा मिळून आहे.

हा क्रमांक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. ग्रंथालयांच्या परिभाषेत त्याला 'आयएसएसएन' म्हणतात. आठ अंकांचा हा क्रमांक दैनिके, साप्ताहिके, मासिके, वार्षिके अशा क्रमाने निघणाऱ्या प्रकाशनांना दिला जातो. त्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९७५ साली प्रसिद्ध झाले. मध्यवर्ती केंद्र पॅरिस येथे असून निरनिराळ्या देशांची राष्ट्रीय केंद्रे त्याला जोडलेली आहेत. आपले दिल्लीस आहे. क्रमांकातील शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून गणिताने काढलेला असतो. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चा क्रमांक ००१२-९९७६ असा आहे. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे आठपासून दोनपर्यंतच्या संख्यांनी गुणून बेरीज केली म्हणजे ९३ येते. तीत ६ मिळवले की ९९ होऊन अकराने नि:शेष भाग जातो. म्हणून शेवटचा अंक ६. लिहिताना एखादा अंक चुकला तर ती चूक तेथेच पकडली जाते. व्यवस्था साधी आहे आणि चोख आहे.

मग एवढ्या चोख व्यवस्थेत आमची पत्रे हरवली कशी? याचे उत्तर तिच्या जन्मकथेत आहे. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी हे क्रमांक प्रथम वाटले गेले, तेव्हा हाताशी असलेल्या मोठ्या छापील याद्या घेऊन त्यांतील नावांना ओळीने क्रमांक देण्यात आले. एक यादी चालू नियतकालिकांची जागतिक सूची होती. दुसरी १९५० ते १९७० या काळात सुरू झालेल्या नियतकालिकांची होती. दोन्ही अमेरिकेत सिद्ध झालेल्या. त्या ओळीच्या वाटपाची खूण अजून दिसते. 'इ'ने आरंभ होणाऱ्या उपरोक्त साप्ताहिकाचा क्रमांक ००१२ने सुरू होतो, 'नेचर'चा ००२८ने, तर 'टाइम'चा ००४०ने. रोमन वर्णमालेच्या क्रमाने ही पंगत बसली होती. जे पत्र १९५० पूर्वी सुरू होऊन १९५० पूर्वीच मिटले, त्याला या पंगतीत पाटच मांडलेला नव्हता. आमची बहुतेक जुनी पत्रे नेमकी याच वर्गात मोडतात.

पुढच्या काळात राष्ट्रीय केंद्रे निघाली, पण तेथे क्रमांक मागण्यास सामान्यत: प्रकाशक जातो. हयात नसलेल्या पत्राचा प्रकाशक अर्ज कोठून करणार?

गोव्याच्या बाबतीत तर ही पोकळी दुहेरी आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ साली छापखाने आणि पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्याचा हेतू नजर ठेवण्याचा होता खरा. पण त्या नजरेच्या निमित्ताने का होईना, पुण्या-मुंबईच्या छपाईची सरकारी दफ्तरात नोंद राहिली. स्वतंत्र भारतात १९५६ साली वृत्तपत्र निबंधकाचे कार्यालय सुरू झाले. १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचा गोवा या दोन्ही जाळ्यांच्या बाहेर होता. एकोणिसाव्या शतकातील 'देशसुधारणेच्छु' काय, किंवा गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी १९१२ साली काढलेले 'भारत' काय, ही पत्रे ना त्या दफ्तरात सापडतात, ना या. पोर्तुगीज सत्तेची कागदपत्रे पणजीत आणि लिस्बनमध्ये विखुरलेली आहेत, आणि तेथे नोंद आढळली तरी मराठी नाव पोर्तुगीज लेखनपद्धतीच्या वेशात असते. एकाच पत्राची नावे तीन सूचींत तीन तऱ्हांनी लिहिलेली त्या विद्यार्थिनीने आम्हांस दाखविली. ती तीन पत्रे नाहीत, एकच आहे, हे सिद्ध करण्यातच तिचा एक महिना गेला.

नावांचा घोटाळा केवळ लिपीमुळे होतो असेही नाही. आमच्या पत्रकारांना ठराविक नावांचा मोठा लोभ होता. 'तरुण भारत' म्हटले की बेळगावचा वाचक एक पत्र डोळ्यांसमोर आणतो आणि नागपूरचा दुसरेच. केप्याच्या 'भारत'चा उल्लेख एखाद्या ग्रंथाच्या तळटीपेत नुसता 'भारत' असा आला, तर परप्रांतीय अभ्यासकाने काय समजावे? क्रमांक देताना प्रत्येक नियतकालिकाचे एक निश्चित नाव ठरवितात. दोन नावे सारखी असतील तर पुढे गाव किंवा वर्ष जोडून ती वेगळी करतात. नाव मूलत: बदलले तर नवा क्रमांक देतात आणि जुन्या-नव्या नोंदी एकमेकींना बांधून ठेवतात. या गाठीचे मोल आमच्या शेजारच्या हैदराबाद संस्थानाच्या इतिहासात चांगले कळते. आ. कृ. वाघमारे यांचे 'मराठवाडा' पत्र १९३८ साली निघाले. निजामी सरकारने बंदी घातली तेव्हा त्यांनी ते निरनिराळी नावे घेऊन चालू ठेवले. नाव बदलले, बाणा बदलला नाही. ती नावे सुटी सुटी पडून राहिली तर ती अल्पायुषी पत्रांची रांग दिसेल. एकमेकींना बांधली तर एका लढ्याची कथा दिसेल.

येथे एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. हा क्रमांक म्हणजे दर्जाचे प्रशस्तिपत्र नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांत प्राध्यापकांच्या लेखनाला गुण देताना या क्रमांकाचा उल्लेख आला, आणि तेव्हापासून क्रमांक छापलेले ते सारे विद्वत्ताप्रचुर, अशी समजूत पसरली. तिचा लाभ उठवून पैसे घेऊन लेख छापणारी दुकाने निघाली. माणसाच्या जन्मदाखल्यावरून त्याचे शील ठरत नाही, तसेच हे आहे. पण जन्मदाखला शील सांगत नाही म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. ज्याची नोंद नाही त्याला आपले अस्तित्वच सिद्ध करीत बसावे लागते.

कोणी असेही म्हणेल की, राज्यापुढे खाणींचे, जमिनींचे, बेकारीचे प्रश्न उभे असताना मेलेल्या पत्रांना क्रमांक देण्याची ही उठाठेव कशाला? जमिनीच्या तंट्यात जुना कागद सापडला नाही म्हणजे काय होते, हे गोमंतकीयाला सांगावे लागू नये. भाषेचा आणि समाजाचा हक्कही शेवटी कागदावरच उभा असतो. गोव्यात मराठीत कोणी काय लिहिले, कोणत्या गावी छापले, कोणी वाचले, हा वाद येथे वर्षानुवर्षे आवेशाने घातला जातो. आवेशाऐवजी एक नेटकी सूची पुढे ठेवता आली असती, तर निम्मे वाद उगवलेच नसते.

हे काम एका कार्यालयाचे नाही. ज्यांनी ते केले त्यांनी ते मिळूनच केले. सत्तरीच्या दशकातच अमेरिका व कॅनडा येथील मोठ्या ग्रंथालयांनी 'कॉन्सर' नावाचा सहकारी उपक्रम आरंभिला. मिनेसोटातील ग्रंथालयांची संयुक्त नियतकालिक सूची पायाला घेतली आणि प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या कपाटात प्रत्यक्ष असलेला अंक पाहून तीत भर घातली, चुका दुरुस्त केल्या. प्रमाण क्रमांक व निश्चित नाव तपासण्याचे काम राष्ट्रीय केंद्रांनी केले. एकाने लिहिलेली नोंद दुसऱ्याने पुन्हा लिहावयाची नाही, ती फक्त सुधारावयाची, एवढाच त्यातला मंत्र होता.

आणि यासाठी सातासमुद्रापलीकडे पाहण्याचीही गरज नाही. शं. ग. दाते यांनी मराठी ग्रंथांची सूची उभी करताना गावोगावची ग्रंथालये पालथी घातली. पुढे दि. वि. काळे व शं. ना. बर्वे यांच्या समवेत त्यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूची सिद्ध केली. संगणक नसताना, चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या रचून केलेले हे काम आहे. त्या सूचीतील प्रत्येक नाव घेऊन त्यापुढे क्रमांक आहे की नाही एवढे पाहिले, तरी आपल्या पोकळीचा नकाशा तयार होईल. पॅरिसच्या नोंदवहीचा मूलभूत भाग २०१८ पासून कोणासही विनामूल्य पाहता येतो. तेव्हा साधन नाही ही सबबही आता उरलेली नाही.

आमची सूचना अशी आहे. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली स्थापन झाले. त्याच वर्षी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. या ग्रंथालयाने पुढाकार घ्यावा. विद्यापीठाच्या मराठी व ग्रंथालयशास्त्र विभागांनी विद्यार्थी द्यावेत. मडगाव, म्हापसा, फोंडा येथील जुन्या वाचनालयांनी आपली कपाटे उघडावीत. बेळगाव, मुंबई, पुणे येथील संग्रहांकडे गोमंतकीय पत्रांची चौकशी करावी. प्रत्येक पत्रासाठी एकच पान पुरे: नाव, गाव, छापखाना, संपादक, पहिला व शेवटचा ज्ञात अंक, किती दिवसांनी निघे, आधीचे वा नंतरचे नाव, आणि अंक आज कोठे आहेत. सोबत मुखपृष्ठाचे एक छायाचित्र. शंभर पाने जमली की ती एकत्र दिल्लीच्या केंद्राकडे पाठवावीत. चालू पत्रांप्रमाणे बंद पडलेल्या पत्रांनाही क्रमांक देता येतो, हे त्या प्रमाणातच मान्य केलेले आहे. आज निघणारे दिवाळी अंक, संस्थांची त्रैमासिके, शाळांची वार्षिके यांच्या चालकांनी तर आपला अर्ज स्वत:च करावा. आपल्या देशात त्यासाठी शुल्क पडत नाही.

दुसऱ्यांना शिकवताना आपल्या घराकडे पाहणे योग्य. आमच्याच दफ्तरातील जुन्या फायलींत खंड आहेत. काही अंक पावसाळ्याच्या ओलीने गेले, काही वाळवीने, आणि काही कोणी 'उद्या आणून देतो' म्हणून नेले ते गेलेच. आमच्या अंकांपैकी आमच्याकडे काय नाही, याची यादी करून ती मध्यवर्ती ग्रंथालयाकडे देण्याचे आम्ही ठरविले आहे. आमच्या वाचकांनीही एवढे करावे. घराच्या माळ्यावर, देवघराच्या फडताळात, आजोबांच्या पेटीत एखादे जुने पत्र असेल, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा ग्रंथपालास दाखवावे. मालकी सोडण्याची आवश्यकता नाही. नाव, तारीख आणि छायाचित्र घेऊ द्यावे म्हणजे झाले. गाव करी ते राव न करी, ही म्हण अशाच कामांसाठी आहे.

नियतकालिकाची शास्त्रीय व्याख्या वाचताना आम्हांस एक गोष्ट फार भावली. ज्याचा शेवट आधी ठरलेला नसतो असे क्रमाने निघणारे प्रकाशन, ते नियतकालिक. किती अंक निघाले याला तेथे महत्त्व नाही. पुढे काढीत राहण्याच्या संकल्पाला आहे. मुक्तिलढ्याच्या काळात चोरून छापलेल्या पत्रकांच्या कर्त्यांना पुढचा अंक निघेल की आपण आग्वादच्या कोठडीत असू, हे ठाऊक नसे. तरीही त्यांनी पहिल्या पानावर 'अंक पहिला' असे लिहिले, ते दुसऱ्याच्या भरवशावर. दुसरा निघाला नसेल, तरी तो पहिला नोंदला जाणे हा त्यांचा हक्क आहे. त्या विद्यार्थिनीच्या सूचीतील रकाना आठच अंकांनी भरणार आहे. ते आठ अंक मिळवून देणे मात्र आपणा सर्वांच्या हाती आहे.