तीन मिनिटांची शाहिरी

शाहिरी ही मूळची मोकळ्या मैदानातली कला. पोवाडा रंगला म्हणजे रात्र सरली तरी बैठक उठत नसे. असली कला तबकडीत मावावी कशी? ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सवातीन मिनिटे वाजे. तेवढ्यात डफ घुमायचा, झीलकऱ्यांनी सूर उचलायचा आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहायचा! हे ज्यांना साधले, त्यांत शाहीर कृष्णराव साबळे यांचे नाव मी पहिले घेईन.

३ सप्टेंबर १९२३ रोजी वाईजवळच्या पसरणी गावी त्यांचा जन्म झाला. शिकण्यासाठी ते अमळनेरला आजोळी गेले. तेथे साने गुरुजींचा सहवास लाभला आणि गळ्याला ध्येय मिळाले. स्वातंत्र्याच्या व पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा गळा गावोगाव गाजला. पत्नी भानुमती यांनी त्यांच्यासाठी गीते लिहिली. १९६० साली ‘यमराज्यात एक रात्र’ हे मुक्तनाट्य रंगभूमीवर आणून त्यांनी तमाशाच्या हजरजबाबीपणाला नवा घाट दिला.

पण घराघरांत ते पोहोचले ते ‘जय जय महाराष्ट्र माझा’मुळे. शब्द नागपूरच्या राजा बढ्यांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज साबळ्यांचा. आम्हा पिपरी मेघेकरांना या गीताचा जरा जादाच अभिमान! कवीने महाराष्ट्राच्या नद्यांची नावे गुंफताना कृष्णा-गोदावरीच्या पंगतीत वरदेला, म्हणजे आमच्या वर्धा नदीला, मानाने बसविले आहे. जिल्ह्याला नाव देणारी ही नदी साताऱ्याकडच्या शाहिराने आपल्या गळ्यातून साऱ्या मराठी मुलखाला ऐकविली. १९ फेब्रुवारी २०२३ पासून हे गीत राज्यगीत झाले. आता शाळेतली पोरे ते म्हणतात, तेव्हा वरदेचे नाव आपसूक त्यांच्या ओठी येते.

साबळ्यांचे याहून मोठे काम मला वेगळेच वाटते. त्यांनी केवळ स्वतःचीच गाणी गायिली नाहीत. एकनाथांचे भारूड, गोंधळ, कोळीवाड्यातले गीत, असे जे जे लोकांच्या ओठी होते ते त्यांनी ध्वनिमुद्रिकांत आणले. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमातून तेच रंगमंचावर उभे केले. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजी मुंबईत ते निवर्तले. पण त्यांनी मुद्रित केलेली गाणी नातवंडांच्या पिढीलाही ऐकता येतात.

आणि जे मुद्रित झालेच नाही, त्याचे काय? आमच्या विदर्भातली दंडार, खडी गंमत, पहाटेच्या जात्यावरच्या ओव्या यांतले कितीतरी गाणाऱ्यांबरोबरच गेले. जाते थांबले, गिरणी आली आणि ओवीला टेकायला जागाच उरली नाही.

पूर्वी तबकडी काढायची म्हणजे कंपनीचे बोलावणे यावे लागे, मुंबई गाठावी लागे. आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय आहे. भाऊबीजेला घरी आजी, आत्या, मावशी जमतील. फराळ आटोपला की त्यांना एखादी ओवी म्हणायला सांगा. त्या आधी लाजतील, ‘आता कुठला आला आवाज!’ म्हणतील. तरी यंत्र सुरू ठेवा. तीन मिनिटे पुरेत.