नकाशातल्या सगळ्या रेघा सारख्या नसतात

गुंठा-दीड गुंठ्याचा एन.ए. प्लॉट हाती आला आणि कर्ज मंजूर झालं की प्लॅनची झेरॉक्स घरभर फिरू लागते. आजीला देवघर ईशान्येलाच हवं असतं, मुलीला स्वतंत्र खोली हवी असते आणि मामांच्या मते हॉल अजून चार फूट वाढायला हवा. जो तो पेन्सिलीने एखादी रेघ सरकवतो. पण त्यातली एखादी रेघ वरच्या स्लॅबचं वजन पेलत असते, एखादीच्या खालून सांडपाणी जात असतं, एखादी नियमाने आखून दिलेली असते आणि एखादी नुसता आडोसा असते. आडोसा हलवायला फारसा खर्च येत नाही, बाकीच्या रेघा हलवणं महागात पडतं. हा फरक न ओळखल्यामुळे जे गैरसमज होतात, त्यातले नेहमीचे काही इथे घेतले आहेत.

गैरसमज: चांगला तयार प्लॅन मिळाला की तो आपल्या प्लॉटवर जसाच्या तसा बसतो.

वस्तुस्थिती: ‘तीस बाय चाळीस’चे शेकडो प्लॅन मोबाईलवर सापडतात. त्यातल्या बऱ्याच प्लॅनमध्ये प्लॉटच्या कडेपर्यंत भिंती नेलेल्या असतात. आपल्याकडे चारही बाजूंनी सामासिक अंतर सोडावं लागतं. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं वगळता राज्यात 2020 पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. किती अंतर सोडायचं हे प्लॉटचं क्षेत्र, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यांवर ठरतं. समजा, पुढे दहा फूट आणि उरलेल्या तीन बाजूंना पाच-पाच फूट सोडावे लागले. मग तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर घरासाठी वीस बाय पंचवीस, म्हणजे 500 चौरस फूट उरतात. बाराशेतले सातशे गेले.

शेजाऱ्याचा प्लॅनही डोळे झाकून उचलू नये. त्याचा रस्ता पूर्वेला आणि आपला पश्चिमेला असेल, तर उलटा केलेल्या प्लॅनमध्ये त्यांच्याकडे सकाळचं कोवळं ऊन येणारी खोली आपल्याकडे संध्याकाळी तापते. त्यांच्या प्लॉटवर चार फुटांवर मुरूम लागला असेल आणि आपल्याकडे काळी माती असेल. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा वेळी वरचा प्लॅन तोच असला तरी पाया वेगळा लागतो, आणि त्याचा खर्चही वेगळा होतो.

गैरसमज: खोली किती मोठी, हे चौरस फुटांवरून कळतं.

वस्तुस्थिती: खोली किती वापरता येते हे तिच्या दारांवर जास्त ठरतं. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये साडेसहा फूट लांबीचा पलंग आणि त्याच्या पायथ्याशी दोन फूट खोलीचं कपाट ठेवलं, की मध्ये दीड फूट उरतं. एवढ्या जागेत कपाटाचं दार उघडून उभंही राहता येत नाही. तीच खोली एका बाजूने दोन फूट वाढवली आणि दार कोपऱ्यात घेतलं, तर माणूस मोकळेपणाने वावरतो. दार भिंतीच्या मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना अर्धवट तुकडे उरतात आणि एकही भिंत धड कामाला येत नाही. हॉलचंही तसंच आहे. ज्या हॉलमध्ये दोन बेडरूम, स्वयंपाकघर आणि बाथरूम अशी चार दारं उघडतात, तो कागदावर कितीही मोठा दिसला तरी वापरात बोळच होतो. म्हणून प्लॅनवर आधी पलंग, कपाट, फ्रीज, शिलाई मशीन असं घरात खरोखर असलेलं सामान मापात काढून घ्यावं. भिंती हलवायच्या की नाही, ते त्यानंतर ठरवावं.

गैरसमज: आखणीच्या वेळी खोल्या लहान दिसल्या, म्हणजे प्लॅन चुकला.

वस्तुस्थिती: चुन्याने आखणी झाली किंवा जोतं बांधून झालं की बहुतेक कुटुंबं घाबरतात. उघड्या आकाशाखाली, मोकळ्या प्लॉटच्या तुलनेत कोणतीही खोली डबीएवढी दिसते. भिंती उभ्या राहिल्या, नजरेला हद्द मिळाली आणि सामान आत आलं की तीच खोली बेताची वाटते. या घाबरगुंडीत ‘अजून दोन फूट घ्या’ असं ठेकेदाराला सांगितलं, तर कॉलमची जागा, स्टीलचं डिझाइन आणि सामासिक अंतर असं सगळंच बिघडू शकतं. मनात शंका असेल तर सध्या राहत्या घरातली खोली टेपने मोजून नव्या मापाशी ताडून बघावी.

गैरसमज: दक्षिणेकडे खिडक्या नकोत. वास्तुशास्त्र पाळलं की ऊन-वाऱ्याचा विचार आपोआप होतो.

वस्तुस्थिती: श्रद्धा हा ज्याच्या त्याच्या घरचा विषय आहे. ऊन मात्र मोजता येतं. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत फारशी तापत नाही. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण 48 अंशांवर येतो आणि हवंहवंसं ऊन खिडकीतून आत पडतं. दोन फुटांचा छज्जा असेल तर मार्च ते सप्टेंबर दुपारी ही खिडकी जवळपास पूर्ण सावलीत राहते. खरा त्रास पश्चिमेचा. तिथे ऊन तिरपं येतं आणि छज्ज्याच्या खालून थेट आत घुसतं. म्हणूनच जिना, बाथरूम आणि कोठीची खोली पश्चिमेला घेण्याची पद्धत आहे.

काही पारंपरिक संकेतांना मात्र हवामानाचा आधार सापडतो. आपल्याकडे पावसाळ्यातला वारा मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे आग्नेयेच्या स्वयंपाकघरातला धूर आणि फोडणीचा वास घरभर न फिरता बाहेर जातो, आणि सकाळचं ऊनही मिळतं. नैर्ऋत्येची मोठी बेडरूम मात्र संध्याकाळी तापते. ती तिथेच हवी असेल तर पश्चिमेला जाड भिंत, पडवी किंवा झाड यांची तरतूद करावी, आणि आलेला वारा पलीकडून बाहेर पडेल अशी समोरासमोर खिडकी ठेवावी.

गैरसमज: जिना कोपऱ्यात कुठेही बसतो.

वस्तुस्थिती: हिशेब करून बघा. मजल्याची उंची दहा फूट धरली आणि पायरीची उंची सात इंचांच्या आत ठेवली, तर अठरा चढ लागतात. मध्ये वळणारा जिना घेतला तर प्रत्येक बाजूला दहा इंच रुंदीच्या आठ पायऱ्या येतात, शिवाय दोन्ही टोकांना तीन-तीन फुटांची जागा लागते. एकूण लांबी तेरा फुटांच्या आसपास आणि रुंदी सहा-साडेसहा फूट होते. म्हणजे खाली आणि वर, दोन्ही मजल्यांवर ऐंशीएक चौरस फूट जातात. ही जागा वाचवायला पायऱ्या उंच आणि अरुंद केल्या, तर त्याची किंमत घरातल्या गुडघेदुखीच्या माणसांना रोज मोजावी लागते.

गैरसमज: आरसीसीचं बांधकाम आहे, भिंत कुठेही हलवता येते.

वस्तुस्थिती: आरसीसीच्या घरात वजन कॉलम आणि बीम पेलतात हे खरं आहे, म्हणून साडेचार इंची आडोशाची भिंत बहुधा काढता येते. पण तीच भिंत दुसरीकडे, खाली बीम नसलेल्या स्लॅबवर उभी करायची, तर आधी अभियंत्याला विचारावं लागतं. खालच्या मजल्यावर हॉल मोकळा दिसावा म्हणून मधला कॉलम काढायचा आणि वरच्या मजल्यावर तो बीमवरून उभा करायचा, ही तर सरळ धोक्याची मागणी आहे. तळमजला भिंतींविना ठेवून नुसत्या कॉलमवर पार्किंग करतानाही वेगळं डिझाइन लागतं. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात भूजपासून दूर असलेल्या अहमदाबादेत पडलेल्या इमारतींमध्ये असा तळमजला असलेल्या अनेक होत्या.

पाण्याच्या रेघा त्याहून हट्टी असतात. बाथरूमखालचा स्लॅब नळ्या बसवण्यासाठी खोलगट टाकलेला असतो. स्लॅब झाल्यावर बाथरूम दुसऱ्या कोपऱ्यात न्यायची ठरवली, तर तिथे हा खोलगटपणा नसतो, मैल्याच्या पाइपला उतार मिळत नाही आणि पुढे गळती मागे लागते. वरची बाथरूम खालच्या बाथरूमवरच आली, तर पाइप सरळ उतरतो आणि खर्चही वाचतो.

गैरसमज: कॉलमचे गज वर सोडून ठेवले की पुढे मजला चढवता येतो.

वस्तुस्थिती: गच्चीवर उभे असलेले गज तालुक्याच्या कोणत्याही गावात दिसतात. पण मजला पेलायचा असतो तो फुटिंगने. पाया एकाच मजल्याचा असेल तर वरच्या गजांचा काही उपयोग नाही. शिवाय उघडे गज पावसात गंजतात, आणि ज्या सांध्यावर पुढचा कॉलम उभा राहायचा तोच कमकुवत होतो. मजला चढवायचा विचार असेल तर आत्ताच पाया त्या हिशेबाने घ्यावा, गजांना सिमेंटचा लेप देऊन झाकावं आणि जिना बाहेरून घ्यावा. पुढे वरचा भाग भाड्याने देता येतो किंवा मुलाला स्वतंत्र घर म्हणून वापरता येतो. त्या वेळी शिल्लक एफएसआय असेल का, हेही आजच विचारून ठेवावं.

गैरसमज: म्हातारपणाचं नंतर बघू.

वस्तुस्थिती: तळमजल्यावर एक बेडरूम आणि तिला लागून बाथरूम ही तरतूद नंतर करायला सर्वांत महाग पडते. बाथरूमचं दार अनेकदा अडीच फुटांचं ठेवतात. चौकटीची जाडी आणि उघडं दार वजा केलं की व्हीलचेअर अडकते. तीन फुटांचं दार आणि जवळपास सपाट उंबरठा घ्यायला आज फारसा जास्तीचा खर्च येत नाही. दहा वर्षांनी त्यासाठी फरशी आणि वॉटरप्रूफिंग दोन्ही फोडावं लागेल.

गैरसमज: नकाशा मंजूर झाला की आत-बाहेर काहीही बदलता येतं.

वस्तुस्थिती: आतला हलका आडोसा हलवल्याने साधारणपणे अडत नाही. पण बाहेरची भिंत, जिना, उंची किंवा सामासिक अंतर बदलत असेल, तर काम करण्याआधी सुधारित नकाशाची मंजुरी घ्यावी लागते. तसं केलं नाही तर भोगवटा प्रमाणपत्र अडू शकतं. बँक टप्प्याटप्प्याने पैसे सोडते. तिचा मूल्यांकन करणारा माणूस मंजूर नकाशा हातात घेऊन साइटवर आला, तर पुढचा हप्ताही थांबू शकतो.

म्हणून सही करण्याआधी आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनीअर यांच्याकडून नकाशाची एक रंगीत प्रत मागून घ्यावी. कॉलम-बीम आणि पाया लाल, पाणी आणि सांडपाणी निळं, नियमाने ठरलेल्या हद्दी काळ्या आणि नुसते आडोसे हिरवे. लाल, निळ्या आणि काळ्या रेघांचे प्रश्न कागदावर असतानाच, त्या दोघांना समोर बसवून मिटवावेत. मग घरातल्यांनी हिरव्या रेघांवरून हवं तितकं भांडावं.