ढेकळांतून दहा किलोमीटर

क्रॉस कंट्री ही मैदान सोडून रानात जाणारी शर्यत आहे. गवत, माती, चढ-उतार, कधी चिखल अशा वाटेने ती होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शाळांत ती रुजली आणि 1912, 1920 व 1924 असे तीन वेळा ऑलिंपिकमध्येही होती. पॅरिसच्या 1924 च्या शर्यतीत उन्हाने असा कहर केला की 38 धावपटूंपैकी जेमतेम 15 जणांनी अंतिम रेषा गाठली. त्यानंतर ऑलिंपिकमधून तिचे नाव गेले. 1973 पासून तिची स्वतंत्र जागतिक स्पर्धा होते. तेथे 2017 पासून प्रौढ गटातील स्त्री-पुरुष दोघांनाही 10 किलोमीटरच धावावे लागते. प्रत्येक ठिकाणची जमीन निराळी, त्यामुळे या प्रकारात जागतिक विक्रम नोंदवला जात नाही.

खरी गंमत गुणांत आहे. पहिल्या क्रमांकाला एक गुण, दहाव्याला दहा, आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. जागतिक स्पर्धेत संघातले सहा जण धावतात, पहिल्या चौघांचे क्रमांक धरले जातात. एकटा कितीही वेगवान असला तरी चौथा गडी मागे पडला की संघ बुडतो. वैयक्तिक समजल्या जाणाऱ्या धावण्यात इतकी सांघिक हिशेबाची जागा क्वचितच असते.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, निमोण्यासारख्या गावातील मुलांसाठी या खेळाचे दार महाविद्यालयातून उघडते. शिरूरचे चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. विद्यापीठाच्या क्रीडास्पर्धा पुणे शहर, पुणे जिल्हा, अहमदनगर (आता अहिल्यानगर) आणि नाशिक या विभागांत होतात. आधी आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय स्पर्धा, तेथून विद्यापीठाचा संघ आणि शेवटी भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी ही चढण आहे. नाशिकच्या भोसला मिलिटरी महाविद्यालयात शिकलेली संजीवनी जाधव हे या विद्यापीठ परिसराचे ठळक उदाहरण. तैपेईच्या 2017 च्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत तिने 10,000 मीटरमध्ये रौप्य मिळवले आणि 2018 मध्ये चीनमधील गुइयांगला आशियाई क्रॉस कंट्रीत कांस्य.

छोट्या महाविद्यालयाला हा खेळ परवडतो. धावपट्टी लागत नाही, जाळी-चेंडू लागत नाहीत. पर्जन्यछायेतल्या या भागात घोड नदीकाठची काळी जमीन, तिच्या वरचे मुरमाड माळ, कालव्याचे भराव आणि पाणंद रस्ते हेच मैदान. तरी धावणाऱ्या बहुतेक मुलांच्या डोळ्यांपुढे पदक नसते, भरती असते. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना 1600 मीटर आणि महिलांना 800 मीटर धावावे लागते, म्हणून सरावाची भाषाही ‘सोळाशे’चीच. सोळाशे मीटर आणि दहा किलोमीटर यांची तयारी मात्र सारखी नाही. पहिल्यात वेग अधिक लागतो, दुसऱ्यात आठवड्याचे एकूण अंतर हळूहळू वाढवावे लागते. रोज घड्याळ लावून जीव तोडून पळणाऱ्याच्या नडग्या दुखू लागतात आणि दहा किलोमीटरची वेळ येते तेव्हा तो थकलेला असतो. बहुतेक दिवस बोलत बोलत धावता येईल इतका सावकाश वेग, एक दिवस चढावर जोरात आणि एक दिवस लांब पल्ला, ही मांडणी जास्त टिकते. भरतीची घाई क्रॉस कंट्रीला खेळाडू पुरवते आणि तिचा सरावही बिघडवते.

उलटा प्रवासही होतो. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे बारावीनंतर लष्करात गेला, तेथे 2015 मध्ये क्रॉस कंट्री धावू लागला आणि मग स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळून त्याने 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य जिंकले.

निमोण्याच्या बाजूला सरावाची वेळ हा वेगळाच प्रश्न आहे. शिरूर तालुक्याच्या ऊसपट्ट्यात बिबट्यांचा वावर वाढला आहे. पहाटेच्या अंधारात उसाच्या कडेने एकट्याने पळणे त्यामुळे धोक्याचे झाले आहे. गळिताच्या हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. उजाडल्यानंतर, घोळक्याने आणि उघड्या माळावरून धावणे एवढाच मार्ग उरतो. क्रॉस कंट्रीला नेमकी अशीच जमीन लागते.