पोहता येतं, पण वर चढता येतं का?

बीड जिल्ह्यात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यात पाऊस कमी आणि लहरी. पावसाळ्यातलं पाणी साठवलं तरच डाळिंब, मोसंबी, सीताफळाची बाग उन्हाळा काढते. २०१६ मध्ये राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि आधीपासून होत असलेल्या शेततळ्यांना वेग आला. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असं शेततळं पूर्ण भरलं तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं.

मुरमाड जमिनीत हे पाणी झिरपून जातं, म्हणून आत प्लॅस्टिकचं अस्तर घालतात. शेतकरी त्याला ‘कागद’ म्हणतात. साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉन जाडीचा हा कागद काठावरच्या चरात पुरून पक्का करतात. तो पाणी वाचवतो, पण तळ्यात पडलेल्या माणसाला बाहेर येऊ देत नाही. शेततळ्यात मुलं बुडाल्याच्या, त्यांना काढायला उतरलेलं मोठं माणूसही गेल्याच्या बातम्या मराठवाड्यातून वारंवार येतात. त्यात चांगलं पोहणारेही असतात.

याचं उत्तर शाळेतल्या विज्ञानात आहे. शेततळ्याची बाजू बहुधा एकास एक उताराची, म्हणजे ४५ अंशांची असते. अशा उतारावर पाय टिकायचा असेल, तर पृष्ठभाग आणि तळपाय यांच्यातला घर्षणाचा गुणांक किमान १ हवा. ओल्या प्लॅस्टिकवर तो त्याच्या जवळपासही जात नाही. त्यावर काही आठवड्यांत शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो. उतार थोडा सौम्य, एकास दीडचा ठेवला, तरी सुमारे ०.६७ इतका गुणांक लागतो. तोही शेवाळलेला कागद देत नाही. त्यामुळे माणूस दोन पावलं चढतो आणि पुन्हा घसरतो. दर प्रयत्नात दम जातो आणि शेवटी हातपाय चालेनासे होतात.

पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढीला हा धोका चटकन कळत नाही. जुन्या विहिरीला दगडी पायऱ्या असतात, बांधकामात हात अडकवायला खाचा असतात. श्रीमंतांच्या अंगणात बसवतात त्या फायबरच्या तयार हौदालाही पायऱ्या साच्यातच असतात, आणि त्यांचा पृष्ठभाग पाय घसरू नये म्हणून खरखरीत ठेवलेला असतो. शेततळ्यात यातलं काहीच नसतं. उथळ बाजूही नसते. काठापासूनच उतार सुरू होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ३ लाख माणसं बुडून मरतात. त्यातली जवळपास पाव मुलं पाच वर्षांखालची असतात. बीडमधून दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. मागे राहिलेली मुलं आजी-आजोबांच्या भरवशावर असतात. थकलेल्या आजीची नजर नातवाच्या मागे शेतभर धावू शकत नाही. म्हणून ‘लक्ष ठेवा’ एवढं सांगून भागत नाही. सोय शेततळ्यातच करावी लागते.

पहिली सोय कुंपणाची. चारही बाजूंनी जाळी आणि कडी लागणारं फाटक हवं. दुसरी दोराची. ३ मीटर खोल तळ्याचा ४५ अंशांचा उतार सव्वाचार मीटर भरतो. चारही बाजूंना काठावर पक्का खुंट ठोकून, फूटभर अंतरावर गाठी मारलेला सहा-सात मीटरचा जाड नायलॉन दोर तळापर्यंत सोडावा. पाणी कितीही खाली गेलं तरी तो हाताला लागतो. कागद टाकतानाच ठेकेदाराकडून खुंट बसवून घ्यावेत. दोर उन्हाने कमजोर होतो, तेव्हा दरवर्षी पावसाआधी ओढून पाहावा आणि गरज वाटली तर बदलावा. हवा भरलेली जुनी ट्यूब दोर बांधून काठावर ठेवावी.

तिसरी गोष्ट माणसांनी शिकायची. बुडणारा बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली जात असताना श्वास घ्यायचीच मारामार असते, हाक कुठून मारणार? कोणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नये. ट्यूब, दोर, लांब बांबू, काही नसेल तर काठावर आडवं पडून साडी किंवा धोतर फेकावं.

माणूस बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबणं, गरगर फिरवणं या सगळ्यात वेळ जातो. प्राणवायू न मिळाल्यास मेंदूला चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. श्वास बंद असेल तर पाठीवर निजवून, डोकं थोडं मागे करून, नाक दाबून आधी तोंडाने श्वास द्यावा. मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, हा क्रम न थांबता चालू ठेवावा. दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२० असावा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावंच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

कागद, खोदाई आणि बागेवर लाखांत खर्च होतो. त्या हिशेबात चार दोर आणि एक ट्यूब यांचा खर्च नगण्य आहे. पुढचा पाऊस तळं भरण्याआधी ते काठावर असावेत.