विमा एजंट लाळेचा नमुना मागतो तेव्हा…

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्यांच्या मनात रसायनांमुळे कॅन्सर होण्याची धास्ती असते. अशा वेळी विमा एजंट 'लाळेचा नमुना द्या, धोका आधीच कळेल' म्हणाला, तर मोह होणारच.

पण ही जनुकीय चाचणी आनुवंशिक दोष शोधते, आणि असे दोष साधारण ५ ते १० टक्के कॅन्सरमागेच असतात. तंबाखूचा किंवा कारखान्यातल्या रसायनांचा धोका ती सांगत नाही. त्यामुळे 'निगेटिव्ह' आले म्हणजे निर्धास्त झालो, असे नाही.

अहवाल मात्र जन्मभर राहतो. भावंडांबद्दल, मुलांबद्दलही सांगतो. अमेरिकेत आरोग्य विमा कंपन्यांना अशी माहिती वापरण्यास २००८च्या कायद्याने मनाई केली. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेण्यास डॉक्टरांना २००२च्या नियमावलीने बंदी आहे. ती एजंटला लागू नाही.

जवळच्या नात्यात कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला आणि समुपदेशन, मग चाचणी. इतरांनी तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात तोंडाची, आणि स्त्रियांनी स्तन व गर्भाशयमुखाचीही, मोफत तपासणी करून घ्यावी.

आणि एजंटला विचारा: अहवाल कोणाकोणाला दिसणार? लेखी उत्तर मिळेपर्यंत नमुना देऊ नका.