मंजिष्ठेचा रंग, घरची बांधणी

फाल्गुन वद्य पंचमी जवळ आली, की आमच्या नाशिकातील रहाडींची तोंडे मोकळी होऊ लागतात. पेशवेकाळापासून चालत आलेले हे दगडी हौद वर्षभर जमिनीखाली झाकलेले असतात. रंगपंचमीला त्यांची यथासांग पूजा होते, फुले उकळून केलेला रंग त्यांत भरला जातो आणि गावची तरुण मंडळी त्यांत धप्पा मारून न्हाऊन निघतात. तो रंग अंगावर दोन-चार दिवस रेंगाळतो आणि मग उतरतो. सणाच्या रंगाने उतरावे हेच योग्य. परंतु अंगावरच्या वस्त्राचा रंग उतरू नये, असे प्रत्येक गृहिणीला वाटते. अशा न उतरणाऱ्या रंगाविषयी यंदाच्या पंचमीला वाचकांशी चार शब्द बोलावे, असा मानस आहे.

आधी गेल्या वर्षीचा एक लहानसा प्रसंग सांगतो. माघ महिन्यात महाविद्यालयात जाणाऱ्या माझ्या नातीने बाजारातून एक सदरा आणला. त्यावर वर्तुळांत वर्तुळे आणि मधून मधून पांढरे कवडसे. "आजोबा, याला टाय-डाय म्हणतात. ही अमेरिकेतली कला आहे," अशी तिने माझ्या ज्ञानात भर घातली. तो सदरा इतर कपड्यांबरोबर भिजला आणि माझे कीर्तनाचे धोतर व उपरणे गुलाबी होऊन बाहेर आले. त्याच सायंकाळी एका देवळात माझे कीर्तन होते. मी रागावलो, आणि नको इतका रागावलो. पोर रडू लागली. तेव्हा माझ्या एकोणनव्वद वर्षांच्या मातोश्री हातातील जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "विकतच्या रंगाने डाग पडला ना? मग घरी पक्का रंग करून दाखव. नुसता ओरडतोस काय? यंदा पंचमीला सगळ्यांच्या अंगावर घरच्या बांधणीचे सदरे दिसले पाहिजेत. अकरा सदरे."

अकरा हा आकडा ऐकून मी गप्प झालो. मातोश्री सोडल्या तर आमच्या घरात माणसे सहा. उरलेली पाच भिंतीपलीकडची. त्या भिंतीची कथा उत्तररंगात येईल. कीर्तनाच्या शिस्तीप्रमाणे आधी पूर्वरंग.

पूर्वरंग

कापड चिमटीत धरून दोऱ्याने आवळायचे, रंगात बुडवायचे आणि सोडायचे. जेथे दोरा आवळला तेथे रंग शिरत नाही आणि नक्षी उमटते. ही युक्ती अमेरिकेतील तरुणांनी १९६० नंतरच्या दशकात उचलली खरी, पण आपल्याकडे ती फार जुनी आहे. कच्छ आणि जामनगरची बांधणी, राजस्थानचा लहरिया ही तिचीच रूपे. जपानात हिलाच शिबोरी म्हणतात. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील काही वस्त्रांवर जी ठिपक्यांची नक्षी दिसते, ती बांधणीचीच असावी असे अभ्यासक मानतात. इंग्रजीतील 'बँडाना' हा शब्दसुद्धा आपल्या 'बांधणू'वरूनच तिकडे गेला.

संस्कृत वाङ्मयात या कलेचे फार सुंदर चित्र आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाने 'हर्षचरिता'त हर्षाची बहीण राज्यश्री हिच्या विवाहाच्या तयारीचे वर्णन केले आहे. राजवाड्यात वस्त्रांचे ढीग पडले आहेत. नाना प्रकारची नक्षी साधण्यात निपुण अशा नगरातील वृद्ध सुवासिनी ती वस्त्रे बांधत बसल्या आहेत. काही बांधून झाली, काही बांधली जात आहेत. अंतःपुरातील जाणत्या वृद्धांनी रंगाऱ्यांचा सत्कार केला आहे आणि ते रंगारी वस्त्रे रंगवीत आहेत. रंगविलेली वस्त्रे सेवक दोन्ही टोकांना धरून हलवीत सावलीत वाळवीत आहेत. वाचकहो, यातील तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: बांधणाऱ्या वृद्धा आहेत, रंगाऱ्याचा मान राखला आहे, आणि वस्त्र दोन माणसांनी दोन टोकांना धरले आहे.

आता शब्दांकडे वळू. 'रञ्ज्' या धातूचा मूळ अर्थ रंगणे, आणि त्यावरूनच दुसरा अर्थ आसक्त होणे. रंग, राग, रंजन, अनुराग हे सर्व शब्द या एकाच धातूचे. ज्याच्यावर रंग चढला तो अनुरक्त, ज्याचा उतरला तो विरक्त. संस्कृतात राग म्हणजे रंग, आणि राग म्हणजे प्रेमही. मराठीत मात्र आपण या शब्दाला क्रोधाचा अर्थ दिला. एकाच शब्दाच्या पोटी प्रेम आणि क्रोध दोन्ही नांदतात, याचा अनुभव ज्याच्या घरी नाही असा गृहस्थ विरळा!

चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त रंगाऱ्याच्या तीन द्रव्यांवरून प्रेमाचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला नीलीराग. तो फारसा झळकत नाही, पण मनातून जातही नाही. याला त्याने श्रीराम व सीतामाई यांच्या प्रेमाचे उदाहरण दिले आहे. दुसरा कुसुंभराग, म्हणजे करडईच्या फुलांचा. तो शोभतो, पण उडून जातो. तिसरा मंजिष्ठाराग. तो शोभतोही आणि टिकतोही. हे केवळ काव्य नव्हे. करडईच्या फुलांचा लाल रंग उन्हाने आणि साबणाने खरोखरच उडतो. मंजिष्ठेच्या मुळांचा रंग तुरटीच्या साहाय्याने सुती कापडात घट्ट बसतो. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेले सुती कापडाचे जे तुकडे मिळाले, त्यांवरही मंजिष्ठेच्याच जातीचा रंग आढळला होता.

मध्यंतर

मध्यंतरात श्रोते बुक्का लावून घेतात. आपण तेवढ्या वेळात कृती पाहू. आमच्या घरी जे साधले तेच येथे सांगतो.

मांजरपाट किंवा सुती खादी घ्यावी. कृत्रिम धाग्याच्या कापडावर हे रंग बसत नाहीत. नव्या कापडाला खळ असते. म्हणून ते रात्रभर भिजवावे, दुसऱ्या दिवशी धुण्याचा सोडा घालून उकळावे आणि स्वच्छ धुवावे. खळ राहिली तर रंग डागाळतो. मग एक किलो कापडास सुमारे २०० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर ठेवावे, पिळून वाळवावे, धुऊ नये. कापड किंचित पिवळसर होते. पुढे तितकीच तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड पुन्हा रात्रभर ठेवावे आणि वाळवावे. सुती धागा एकट्या तुरटीला नीट धरून ठेवत नाही. हिरडा मध्यस्थी करतो.

त्यानंतर बांधणी. कापड ओलसर करून, हरभऱ्याचा दाणा आत ठेवून चिमट घ्यावी आणि जाड दोऱ्याचे सात-आठ वेढे घट्ट द्यावेत. गाठ मारू नये. शेवटचा वेढा अडकवून तोच दोरा पुढच्या चिमटीकडे न्यावा. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी मंजिष्ठा, एक किलो कापडास पाऊण ते एक किलो, जाडसर कुटून आदल्या रात्री भिजवावी व गाळून घ्यावी. बांधलेले कापड पाण्यात भिजवून मगच या रंगात सोडावे. रंग गरम असावा, पण खळखळून उकळू देऊ नये, नाहीतर लाल रंग तपकिरीकडे झुकतो. दीड-दोन तास हलवीत राहावे आणि तसेच निवू द्यावे. यासाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये, हे आवर्जून सांगतो.

उत्तररंग

पंचवीस मीटर कापड मोकळेपणाने हलेल एवढे भांडे आमच्या घरी नव्हते. वडिलांच्या वेळचे अभ्यंगाच्या पाण्याचे तांब्याचे मोठे तपेले होते, पण ते वाटणीत धाकट्या बंधूकडे गेले होते. मागील अंगण आणि तेथील चूलही त्याच्याकडेच. वाड्याच्या चौकात भिंत उभी राहिल्याला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. वडिलांच्या श्राद्धाला आम्ही एका पंक्तीला बसत असू, पण बोलणे 'वाढा' आणि 'पुरे' यांच्यापलीकडे जात नसे. भांडण कशावरून झाले ते सांगण्यात अर्थ नाही, कारण तेवढ्यावरून कोणी भांडले असेल यावर वाचकांचा विश्वास बसणार नाही. विश्वनाथाच्या तीन रागांत आमचा बसवायचा तर तो नीलीरागच म्हणावा लागेल: वरून काही दिसत नव्हते आणि मनातून जातही नव्हते. या उपमेबद्दल प्रभू रामचंद्र क्षमा करोत!

मी म्हटले, "नवे पातेले विकत आणू." मातोश्री काही बोलल्या नाहीत. त्यांनी काठी घेतली, चपला पायांत सरकवल्या आणि म्हणाल्या, "तपेले मागायला मीच जाते." एकोणनव्वद वर्षांची माऊली दोन उंबरे ओलांडून निघाली, तेव्हा माझे पाय आपोआप तिच्या पुढे झाले. चाळीस वर्षे मी व्यासपीठावरून भरताच्या बंधुप्रेमाचे आख्यान लावीत आलो आहे. पण भिंतीला वळसा घालून त्या दाराशी उभे राहण्याइतके कठीण आख्यान माझ्या वाट्याला पूर्वी आले नव्हते.

दार बंधूनेच उघडले. मी म्हणालो, "आईला सदरे रंगवायचे आहेत. तपेले हवे होते." तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दादा, ते जड आहे, तुम्हांला उचलायचे नाही. चूल इथे आहे. इथेच रंगवू."

पुढील आठ दिवस मागील अंगणात दोन्ही घरांच्या बायकामुलांची बैठक पडली. बांधणी कोणालाच नीट साधेना. तेव्हा माझी भावजय हळूच पुढे झाली आणि तिची बोटे सराईतपणे चालू लागली. तिचे माहेर खानदेशातले. लहानपणी शेजारच्या गुजराती कुटुंबातील आजीकडून ती हे शिकली होती. चाळीस वर्षांपूर्वी ती या वाड्यात सून म्हणून आली आणि तिच्या हातात ही कला आहे हे मला ठाऊकही नव्हते! मी विचारले, "कधी बोलली नाहीस?" ती म्हणाली, "दादा, कोणी विचारलंच नाही." बाणभट्टाच्या वर्णनातील त्या निपुण स्त्रिया मी विद्यार्थ्यांना कितीदा समजावून सांगितल्या असतील, पण घरातली ओळखता आली नाही.

रंग देऊन झाल्यावर कापडे निथळून अर्धवट वाळली. दोरे एकेक करून सोडायचे म्हणजे दिवस गेला असता. भावजय म्हणाली, "कात्री नको. दोघांनी दोन टोके धरा आणि तिरके ओढा, दोरे आपोआप सुटतात. पण एकट्याने ओढून सुटत नाहीत, दोन्हीकडून एकदम ओढावे लागते." जवळ उभे होतो मी आणि माझा बंधू. एक टोक मी धरले, दुसरे त्याने. आम्ही ओढले. तड तड तड असा आवाज होत दोऱ्याचे वेढे उडू लागले, हरभरे अंगणभर उधळले, मुले ते वेचायला धावली. लाल कापडावर ठिपक्यांच्या ओळी उमलल्या. ठिपके शुभ्र नव्हते. हिरड्यामुळे त्यांवर सायीसारखी पिवळसर झाक होती. गेली नऊ वर्षेही आम्ही दोघे दोन टोकांना धरून ओढतच होतो. पण तेव्हा ओढण्यात एक जोर करी, तेव्हा दुसरा सोडून देई. त्यामुळे एकही वेढा सुटला नाही.

बंधूचे डोळे भरून आले होते. 'बन्धु' हा शब्द 'बन्ध्' धातूवरून आला, आणि 'बांधणी'ही त्यावरूनच, हे मला त्याला सांगावेसे वाटले. सांगितले नाही. व्युत्पत्तीचीही वेळ असते.

सुनेने यंत्रावर अकरा सदरे शिवले. पंचमीला मुले जुने कपडे घालून रहाडीवर गेली, मनसोक्त भिजली आणि स्नान करून संध्याकाळी नवे सदरे घालून आली. देवाला पुरणाचा नैवेद्य झाला आणि अकराही जण एका पंक्तीला बसले. माझ्या सदऱ्यावरचे ठिपके फिसकटलेले होते, कारण ते कापड हौसेने मी स्वतः बांधले होते आणि वेढे सैल पडले होते. नातवंडे अजून हसतात. बाजारच्या सदऱ्यावरून रागे भरल्याबद्दल मी नातीची क्षमा मागितली. तिने ती दिली आणि माझे गुलाबी उपरणे स्वतःसाठी मागून घेतले. उरलेल्या तुकड्याचे मातोश्रींनी आपल्या पोथीला बासन करून घेतले. वर्षभर रोज ते सुटते आणि रोज बांधले जाते.

भिंत आजही उभी आहे. वाटणीपत्र बदललेले नाही आणि बदलण्याचे कारणही नाही. तपेले बंधूकडेच आहे. यंदा हिरडा आणि मंजिष्ठा मी आणली आहे, मांजरपाट त्याने आणले आहे, आणि काल सायंकाळी तो तुरटी किती घालायची हे विचारायला आला होता. प्रमाण त्याला पाठ आहे, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते.

वाचकहो, आपल्याही घरी या पंचमीला एखादे वस्त्र रंगवून पाहावे. बांधायला घरातील वडीलधाऱ्यांना बसवावे, त्यांची बोटे चालत नसली तरी त्यांना विचारावे. आणि भांडे शक्यतो मागून आणावे. सर्वांच्या घरी मंजिष्ठेचा रंग चढो, हीच पंचमीच्या दिवशी त्या पंढरीनाथाचरणी प्रार्थना!