पेशीविभाजनाचे नियम आणि पिशवीच्या तोंडाचा कर्करोग

माणसाच्या शरीरात दर क्षणी लाखो पेशी मरतात आणि तितक्याच नव्या तयार होतात. नवी पेशी जुन्या पेशीच्या विभाजनातूनच जन्मते. हे विभाजन ठरलेल्या क्रमाने होते. पेशी आधी वाढते, मग आपल्या डीएनएची पूर्ण प्रत काढते, प्रत नीट उतरली की नाही हे तपासते आणि शेवटी दुभंगते. दुभंगताना 46 गुणसूत्रांच्या जोडप्रती पेशीच्या मध्यावर रांगेत येतात. दोन्ही टोकांकडून आलेले प्रथिनांचे धागे त्यांना पकडून विरुद्ध दिशांना ओढतात. एकही गुणसूत्र धाग्याला जोडले गेले नसेल, तर विभाजन तिथेच थोपवले जाते.

हा क्रम चालवणारी प्रथिने शोधल्याबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स या शास्त्रज्ञांना 2001 चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्रम रोखणारी प्रथिनेही तितकीच मोलाची आहेत. आरबी हे प्रथिन पेशीला विनाकारण विभाजनाच्या वाटेला लागू देत नाही. डीएनएला इजा झाली, तर पी53 विभाजन थांबवते आणि इजा भरून येण्याजोगी नसेल, तर पेशीला मरायला लावते. असे अटकाव एकामागून एक निकामी झाले, की पेशी बेबंद वाढू लागते. तोच कर्करोग.

पिशवीच्या तोंडाच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हे अटकाव कसे मोडतात ते स्पष्ट दिसते. त्याचे मूळ एचपीव्ही या विषाणूत आहे, हे हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी दाखवले. त्यासाठी त्यांना 2008 चे नोबेल मिळाले. या विषाणूचे ई6 प्रथिन पी53 चा नाश करवते, तर ई7 आरबीला निकामी करते. बहुतेक स्त्रियांचे शरीर हा संसर्ग एक-दोन वर्षांत परतवून लावते. तो टिकून राहिला, तरी कर्करोग व्हायला साधारण 15 ते 20 वर्षे लागतात. रोग होण्याआधीच गाठण्यासाठी मिळणारी मुदत ती हीच.

या मुदतीचा उपयोग किती होतो, हे सोलापूर जिल्ह्यातूनच जगाला कळले. या जिल्ह्यातील बार्शीत 1987 मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साथीने 1999 पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. गावांचे 52 समूह करून त्यांची चार गटांत वाटणी झाली. तीन गटांना वेगवेगळ्या तपासण्या देऊ केल्या आणि चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, तर तपासणी नसलेल्या गटात 64. एकाच वेळच्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

मुंबईतील वस्त्यांत टाटा केंद्राने आणखी सोपी पद्धत वापरली. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावले, की बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. अशा पेशींची केंद्रके मोठी असतात, त्यांत प्रथिने दाटलेली असतात आणि आम्लाने ती साकळतात. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या या तपासणीमुळे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

उपचारांतही विभाजनाचेच ज्ञान कामी येते. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस, अकलूज, नातेपुते भागात दारोदारी फुलणाऱ्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही औषधे मिळतात. गुणसूत्रे ओढणारे धागे ती तयारच होऊ देत नाहीत, त्यामुळे पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकून मरते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टीन आजही वापरतात. मात्र ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतूनच द्यायची असतात. सदाफुलीचा घरगुती काढा हा त्यांना पर्याय नाही. तो घातक ठरू शकतो.

पुण्यातील सीरम संस्थेने एचपीव्हीविरोधी लस 2023 मध्ये बाजारात आणली. ती संसर्ग होण्याआधी, म्हणजे 9 ते 14 या वयात, सर्वाधिक उपयोगी पडते. मुलींना लस द्यावी. तिशी ओलांडलेल्या स्त्रीने अंगावरून जाण्याचा त्रास सुरू होण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. त्रास जाणवू लागतो, तोवर हाताशी असलेली बरीच वर्षे निघून गेलेली असतात.